राहिलेला बार

मेजर जनरल तोरेयंडा बेळ्यप्पा यांच्यापुढे अख्खी डिव्हिजन चळचळा कापायची, असं त्यांच्या हाताखाली राहिलेले लोक सांगतात. सांगोत बापडे. आपल्या गावी, मोळकेरीत, सुटीवर आले की खाकी हाफ पँट, चिखलाने माखलेले गमबूट आणि हातात कॉफी छाटायची कात्री, असा साहेबांचा अवतार असायचा. पुढे थोरला भाऊ माचय्या, मागे जनरल. माचय्या बोलला तर उत्तर द्यायचं, नाही तर गप्प चालायचं. आणि माचय्या बहुधा बोलत नसे.

हा माचय्या मुळात घुमा नव्हता बरं का. एके काळी मोळकेरीतला सगळ्यात तोंडाळ आणि सगळ्यात पक्का नेमबाज तोच. कैलपोदच्या सणाला बंदुकांची पूजा होते, नळ्यांत कळलावीची फुलं खोवतात, मग उंच झाडाच्या शेंड्याला नारळ बांधून गावातले पुरुष एकेक करून नेम धरतात. माचय्या पुढे सरसावला की म्हातारे ओरडायचे, "याला शेवटी ठेवा रे! नाही तर बाकीच्यांनी काय दोरी फोडायची?"

बाप लवकर गेला. माचय्याने शाळा सोडली, भात आणि कॉफी अंगावर घेतली आणि धाकट्याला शिकवलं. आमच्या कोडगूत, म्हणजे कूर्गात, घरटी एक तरी माणूस फौजेत असतो. तोरेयंडांच्या घरचा मान बेळ्यप्पाला मिळाला. आधी विराजपेटेची शाळा, मग खडकवासला, मग डेहराडून. खांद्यावर पहिला तारा लावून तो घरी आला, तेव्हा अव्वाने, म्हणजे त्यांच्या आईने, डोक्यावर तांदूळ टाकून आशीर्वाद द्यायचं सोडून आधी त्याचे कान तपासले. लहानपणी ते वरचेवर फुटायचे.

"बंदुकांच्या आवाजात कान सांभाळ," ती म्हणाली.

"अव्वा, फौजेत कान नाही, मान सांभाळायची असते."

अव्वाने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तारा लावलेल्या माणसाला मारतात का, म्हणून माचय्या हसत सुटला, तर त्यालाही एक बसला.

बंदुकीच्या आवाजाची आमच्याकडे एक भाषा आहे. मुलगा जन्मला की अंगणातून आभाळात एक बार काढायचा. घरातलं कोणी गेलं की दोन. त्यामुळे दरीत कुठे बार झाला की बाईच्या हातातलं सूप तसंच थांबतं. दुसरा येतो का, याकडे सगळ्यांचे कान लागतात. नाही आला की हसतात, आणि कोणाच्या सुनेचे दिवस भरले होते ते आठवू लागतात. बेळ्यप्पा जन्मला तेव्हाचा बार बापाने काढला होता आणि आठ वर्षांच्या माचय्याने शेजारच्या काजूच्या झाडावर चढून तो ऐकला होता.

एकाहत्तर सालच्या लढाईत बेळ्यप्पा पश्चिम सरहद्दीवर होता. कॅप्टन झालेला. डिसेंबरात घरी तार आली, की एका चकमकीनंतर तो बेपत्ता आहे. एवढंच. मेला असं कोणीही म्हटलं नव्हतं. पण मोळकेरीत उंबऱ्या-उंबऱ्यावर पेन्शनर, आणि फौजेची भाषा फौजेपेक्षा आपल्याला जास्त कळते असा प्रत्येकाचा पक्का समज. शेजारचा रिटायर हवालदार मोण्णप्पा येऊन अंगणात बसला, कॉफी प्यायला आणि मिशा पुसत म्हणाला, "बेपत्ता म्हणजे काय ते मला विचारा. बासष्टात आमच्या कंपनीतली पोरं बेपत्ता झाली होती. अजून बेपत्ताच आहेत."

लढाई थांबली. इतरांची पोरं सुटीवर येऊन गेली. बेळ्यप्पाची काही खबर नव्हती. कुळाचे कर्ते सुब्बय्या ताता काठी टेकत आले. "माचू, बार काढल्याशिवाय पुढचं काही करता येत नाही. पोराचा जीव वाटेत लोंबकळत राहील, तो काय तुला बघवेल?"

अव्वा आतून म्हणाली, "आधी मढं दाखवा. बंदूक बोलत नाही तोवर माझं पोर जिवंत आहे."

तिचं कोण ऐकतो! आईची माया वेडी असते असं एकमेकांना सांगून सगळे मोकळे झाले. माचय्याही मोकळा झाला, हेच त्याचं पुढचं सगळं आयुष्य नासवून गेलं. एका सकाळी सगळं कुळ अंगणात जमलं. माचय्याने बंदूक उचलली आणि पहिला बार काढला. तेवढ्यात अव्वा घरातून बाहेर आली. पायात काही नाही, डोक्याचं वस्त्र सुटलेलं. तिने त्याचं मनगट धरलं आणि अगदी हळू, लहानपणी झोपेतून उठवायची तशा आवाजात म्हणाली, "एकच असू दे, माचू. एकच असू दे."

बाराने सगळ्यांचे कान बधिर झाले होते. लोकांना तिचे फक्त ओठ हललेले दिसले. ऐकलं एकट्या माचय्याने. त्याने सुब्बय्या तातांकडे पाहिलं, ताता मान हलवत होते. त्याने अव्वाचा हात सोडवला आणि दुसरा बार काढला.

अव्वा रडली नाही, ओरडली नाही. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. त्यानंतर तिने जेवणाला हात लावला तो नावापुरता. माचय्याशी तर ती एक शब्द बोलली नाही. कॉफीची झुडपं पांढरीशुभ्र फुलली त्या आठवड्यात ती गेली, आणि तिच्यासाठीही दोन बार काढायचे ते माचय्यालाच काढावे लागले.

तिच्या अकराव्याचं कार्य उरकलं, मांडवाचे बांबू सोडायला घेतले आणि पोस्टमन कार्ड घेऊन आला. अक्षर बेळ्यप्पाचं. पलीकडे कैदेत होता, आजारपणात पडून होता. आता बरा आहे, असं लिहून शेवटी म्हटलं होतं, "अव्वाला सांगा, डावा कान गेला, उजवा सांभाळलाय."

माचय्याने ते कार्ड वाचलं आणि तिथेच, सोडलेल्या बांबूंवर बसला. त्याला उठवायला दोन माणसं लागली.

वर्ष संपता संपता बेळ्यप्पा परत आला. वाळून काटकी झालेला, पण हसरा. अव्वा गेल्याचं त्याला वाटेतच कळवलं होतं. पुत्तरीचे दिवस होते, नवं भात घरात यायचं होतं. सुब्बय्या तातांनी कुळाला जमवलं आणि म्हणाले, "असं आजवर कधी घडलं नाही, तेव्हा रीत आपणच पाडायची. दोन बार काढून पोर मेलं म्हणून सांगितलं. आता एक काढून जन्मलं म्हणून सांगा. ज्या हाताने ते दोन काढले, त्याच हाताने हा निघाला पाहिजे. नाही तर दरीच्या लेखी हा मेलेलाच."

सगळ्यांना ते पटलं. बायका हसू लागल्या, मोण्णप्पाने आपली रमची बाटली आणून पायरीवर ठेवली. बेळ्यप्पा उजवा कान अंगणाकडे करून उभा राहिला. माचय्याने बंदूक उचलली, नळी वर केली, आणि मनगटावर त्याला अव्वाची पकड जाणवली. स्पष्ट, गार. हा एकच बार तिने मागितला होता. तेव्हा दिला असता तर ती आज या पायरीवर बसून सुपात तांदूळ पाखडत असती. नळी तशीच वर राहिली, बार निघेना. लोकांनी कानांवर धरलेले हात हळूहळू खाली घेतले.

"मला नाही जमणार," असं म्हणून माचय्याने बंदूक मोण्णप्पाच्या हातात दिली आणि तो गोठ्याकडे निघून गेला.

का जमणार नाही, ते त्याने कोणाला सांगितलं नाही. बायकोला, बोळ्ळव्वालाही नाही. मग काय, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? कोणी म्हणालं, धाकटा परत आला म्हणजे कॉफीच्या मळ्याची वाटणी परत आली, म्हणून थोरल्याचं तोंड उतरलंय. वाटणी कधी झालीच नाही, बेळ्यप्पाने एक झुडूप मागितलं नाही, तरी ते बोलणं वर्षानुवर्षं फिरत राहिलं. बेळ्यप्पाच्या कानावर, उजव्या कानावर, तेही आलंच असणार.

बार न निघाल्याची बेळ्यप्पाने थट्टा केली. "मी सरकारी हिशेबात जिवंत, गावच्या हिशेबात मेलेला. मला कोण मारणार?" असं तो मेसमध्ये सांगायचा म्हणे. खरोखरच त्यानंतर तो गोळीला भ्यायला नाही. एक कान गेलेला माणूस, त्याला खरं तर खुर्चीवर बसवायचं. पण हट्टाने पलटणीत राहिला. पलटण सांभाळली, मग ब्रिगेड, मग डिव्हिजन. मधे देचम्माशी लग्न झालं, एक मुलगी झाली. दर कैलपोदला मात्र तो कुठूनही यायचा. बर्फातून, वाळवंटातून, दोन दिवस आगगाडीत बसून. आपल्या हाताने बंदुकीच्या नळीत फूल खोवायचा, नारळ बांधून झाला की सगळ्यांदेखत बंदूक भावापुढे धरायचा.

"अण्णा, घे."

माचय्या बंदुकीला हात लावून नमस्कार करायचा आणि ती शेजारच्याला द्यायचा. जनरल "बरं" म्हणायचा. संध्याकाळी दोघे पायरीवर बसून डुकराची करी आणि कडंबुट्टू, म्हणजे तांदळाचे वाफवलेले गोळे, खायचे, भाताच्या किडीबद्दल बोलायचे. धाकट्याने आपला चांगला कान मोठ्याकडे करून ठेवलेला असायचा, आणि मोठ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट होती, ती तो गिळून टाकायचा.

तिसरा तारा, म्हणजे लेफ्टनंट जनरलची बढती, काही त्यांना मिळाली नाही. का, ते घरी कोणाला ठाऊक नव्हतं. ते कळलं निवृत्तीनंतर, गढवालकडचा एक म्हातारा सुभेदार त्यांना भेटायला मोळकेरीत आला तेव्हा. जनरल आंघोळीला गेले होते. सुभेदार माचय्याशेजारी बसून मोडक्यातोडक्या भाषेत सांगू लागला.

"आमचा एक जवान बर्फाच्या कड्याखाली गेला. वरून हुकूम, बेपत्ता म्हणून घरी कळवा आणि तुकडी खाली आणा. साहेब म्हणाले, कळवणार नाही. अंगाला हात लागल्याशिवाय मी कोणाच्या आईला काही कळवणार नाही. वरचे चिडले. साहेब स्वतः फावडं घेऊन उभे."

"सापडला?" माचय्याने विचारलं.

"सापडला. गेलेलाच. पण त्याच्या आईला साहेबांनी स्वतः जाऊन सांगितलं. ती बिचारी म्हणाली, माझ्या पोराला शोधलंत तरी." सुभेदाराने डोळे पुसले. "त्यावरून साहेबांची बढती गेली. आम्ही विचारलं, साहेब, एवढं कशाला? तर म्हणाले, माझ्या घरी घाई झाली होती."

माचय्या उठून कॉफीच्या खळ्यावर गेला आणि वाळत घातलेली फळं उगाचच दाताळ्याने उलथीपालथी करत राहिला. भावाने कोणाला नाव ठेवलं नव्हतं. घाई झाली होती, एवढंच म्हणाला होता. एखाद्याने तोंडावर थुंकलेलं परवडतं.

निवृत्तीनंतरची वर्षं अशीच गेली. मग जनरलांच्या पोटात गाठ निघाली. बंगळूरचे डॉक्टर म्हणाले ते सगळं करून झालं आणि आषाढाच्या पावसात देचम्मा त्यांना घरी घेऊन आली. खाट कुठे ठेवायची, तर जनरल म्हणाले, "खिडकीशी. उजवा कान अंगणाकडे येईल अशी." देचम्माला वाटलं, पाखरांचा आवाज ऐकायचा असेल. माचय्याला बरोबर कळलं.

एका दुपारी पाऊस जरा थांबला होता. बोळ्ळव्वाने गुळाची कॉफी आणून ठेवली आणि ती स्वयंपाकघरात गेली. माचय्या खाटेच्या काठावर बसला होता. जनरलांचा हात काडीसारखा झाला होता. त्या हाताने त्यांनी भावाचा गुडघा धरला.

"अण्णा, आयुष्यभर हुकूम दिले. तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही."

"माहीत आहे रे."

"आता मागतो. मला एकदा जन्माला घाल की. मेलेला राहून राहून कंटाळा आला."

माचय्या हसायला गेला आणि त्याला हुंदका आला. एवढ्या वर्षांचा बांध फुटला तो असा, कॉफीचा पेला हातात असताना. त्याने सांगितलं. पहिला बार, अव्वाचे अनवाणी पाय, मनगटावरचा हात, ते शब्द. "एकच असू दे म्हणाली. मी हात झटकला, बेळ्या. तिचा हात झटकला मी. तुला तो एक बार द्यायला बंदूक वर केली की तिचा हात येतो. मला तुझं येणं नको होतं असं नाही रे. देवाशपथ नाही."

"आणि मला वाटत होतं..." जनरल म्हणाले, आणि काय वाटत होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मग म्हणाले, "वेडा आहेस. ती तुझा हात अडवत नाहीये. ती अजून सांगतेच आहे, एक काढ म्हणून. ऐक की तिचं."

"काढतो."

"आत्ता काढ."

"आत्ता नको. ते दोन काढले तेव्हा सगळं कुळ अंगणात होतं. हाही सगळ्यांच्या देखत निघाला पाहिजे. सुब्बय्या तातांची रीत आहे. कैलपोद आलंच की. तोवर दम धर."

"जनरलला दम धरायला सांगतोस?"

"मी थोरला आहे."

"बरं," जनरल म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर हसू होतं.

माचय्याने भिंतीवरची बंदूक खाली घेतली, तिला तेलपाणी केलं. बोळ्ळव्वाला म्हणाला, या खेपेला नारळही मीच फोडणार. ती बघतच राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस शीळ घालतो हे ती विसरूनच गेली होती.

कैलपोदची तयारी सुरू व्हायच्या आतच, एका पहाटे, जनरल बेळ्यप्पा गेले.

फोनवरून बातमी सगळीकडे झाली. दुपारपर्यंत अंगण भरलं. फौजेची तुकडी आली, बिगूलवाला आला. तरणाबांड कॅप्टन अदबीने म्हणाला, "आजी, साहेबांना गणवेशात न्यायचं ना?" देचम्मा म्हणाली, "गणवेश त्यांनी केव्हाच उतरवून ठेवला, बाळा. आता पांढरा कुप्या. लग्नात घातला होता तोच." नवरदेवाचा तो पायघोळ अंगरखा त्यांच्या अंगावर आता केवढा तरी मोठा होत होता. त्यावर तिरंगा पांघरला.

मग घरचे बार काढायची वेळ झाली. ते आधी, फौजेचे नंतर स्मशानात. माचय्याचा मुलगा चेंगप्पा बंदूक आणि दोन काडतुसं घेऊन पुढे आला.

"इकडे दे," माचय्या म्हणाला.

"अप्पा, तुम्हाला नाही झेपणार."

"दे म्हणतो ना."

चेंगप्पाने काडतुसं पुढे केली. माचय्याने त्यातलं एक घेतलं. नव्वदीला टेकलेला मोण्णप्पा खुर्चीतून मान उंच करून पाहू लागला. पाऊस थांबला होता. माचय्याने नळी वर केली. मनगटावर ती गार पकड आली. या वेळी त्याने ती झटकली नाही. तशीच राहू दिली, आणि बार काढला.

आवाज दरीभर घुमला आणि विरला. लोक कानांवर हात ठेवून उभे राहिले. माचय्याने बंदूक खाली केली.

"अरे, दुसरा!" मोण्णप्पा ओरडला. "माचय्या, दुसरा काढ! विसरलास का?"

"दोन मी कधीच काढून बसलोय, मोण्णप्पा. हा राहिला होता." माचय्या म्हणाला. "अव्वा म्हणाली होती, एकच असू दे."

देचम्माने पदर तोंडावर घेतला. माचय्या बंदुकीचा आधार घेत खाली बसला आणि भावाच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "बेळ्या, ऐकलास ना रे?"

खाली खाचरात डोंगरापलीकडून लावणीला आलेल्या बायका कंबर सरळ करून, हातात रोपं धरून दुसऱ्या बारासाठी थांबल्या होत्या. तो काही आला नाही. मग त्यांच्यातली एक हसून दुसरीला म्हणाली, "मुलगा झाला गं कोणाला तरी."